नागपुरात राहून इंटरॲक्शन आणि सर्व्हिस डिझाइनच्या स्वतंत्र शाळेत प्रवेशाची तयारी कशी करावी

माझ्याकडे तपासायला येणाऱ्या बऱ्याच पोर्टफोलिओंची, म्हणजे प्रवेशअर्जासोबत पाठवायच्या निवडक कामांच्या संग्रहांची, सुरुवात एखाद्या प्रसिद्ध ॲपच्या ‘नव्या रूपाने’ होते. जेवण घरपोच देणाऱ्या किंवा टॅक्सी बोलावणाऱ्या ॲपचे पडदे नव्या रंगांत आणि नव्या अक्षरांत मांडलेले असतात आणि त्याखाली तीन काल्पनिक ग्राहकांच्या तितक्याच काल्पनिक अडचणी लिहिलेल्या असतात. इंटरॲक्शन डिझाइन (माणसाचा यंत्राशी किंवा पडद्याशी होणारा व्यवहार आखणे) आणि सर्व्हिस डिझाइन (पूर्ण सेवाच आखणे) शिकवणाऱ्या स्वतंत्र पदव्युत्तर शाळेला असे काम पाठवण्यात फारसा अर्थ नाही, कारण त्यातून अर्जदाराला संगणकावरचे साधन हाताळता येते एवढेच कळते. तो माणसांकडे किती वेळ आणि किती नीट पाहू शकतो, आणि पाहिल्यानंतर आधीचे मत सोडू शकतो का, हे कळत नाही. निवड करणाऱ्यांना नेमके तेच जाणून घ्यायचे असते. नागपुरातल्या विद्यार्थ्याला त्यासाठी मुंबई किंवा बंगळूर गाठण्याची गरज नाही. शहरातील एक साधी सेवा निवडून तिचा तीन-चार महिने पाठपुरावा केला, तर पुरेसे साहित्य हाती येते. तो पाठपुरावा कसा करावा हे सविस्तर लिहिण्यापूर्वी शाळेविषयी आणि तिच्या प्रमाणपत्राविषयी काही गोष्टी स्पष्ट करणे आवश्यक आहे.

शाळा आणि तिचे प्रमाणपत्र

‘इंटरॲक्शन डिझाइन’ हे नाव १९८०च्या दशकाच्या मध्यात बिल मॉग्रिज आणि बिल व्हरप्लँक यांनी रूढ केले. मॉग्रिज यांनी ग्रिड कंपास या अगदी सुरुवातीच्या लॅपटॉपची रचना केली होती. तो स्वतः वापरू लागल्यावर त्यांच्या लक्षात आले की आपण घडवलेल्या पेटीचा आपल्याला लवकरच विसर पडतो आणि मन गुंतते ते पडद्यावर चाललेल्या व्यवहारात. सर्व्हिस डिझाइनला अभ्यासविषय म्हणून जागा मिळाली ती १९९१च्या सुमारास, जर्मनीतील कोलोन येथे. दोन्हींतला फरक आपल्या मेट्रोवरून चटकन समजतो. सीताबर्डी स्थानकातील तिकीट-यंत्राच्या पडद्यावर कोणते बटण कुठे असावे, हा इंटरॲक्शनचा प्रश्न झाला. हिंगणा रस्त्यावरच्या वस्तीतून निघालेल्या आजींनी स्थानकापर्यंत यावे कसे, सुट्टे पैसे नसतील तर काय करावे, लिफ्ट कोणत्या बाजूला आहे हे त्यांना कोणी सांगावे आणि उतरल्यावर पुढचा ऑटो कुठे शोधावा, हा सर्व्हिसचा प्रश्न झाला.

‘स्वतंत्र’ शाळा म्हणजे कोणत्याही विद्यापीठाचा विभाग नसलेली, आपला अभ्यासक्रम स्वतः ठरवणारी आणि आपला पैसाही स्वतःच उभा करणारी संस्था. अशा संस्थेची ताकद आणि तिचा कच्चेपणा दोन्ही पाहायचे असतील, तर इटलीतील इव्रेआ या गावाकडे पाहावे. टंकलेखन-यंत्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या ऑलिव्हेट्टी कंपनीच्या या गावात २००१ मध्ये इंटरॲक्शन डिझाइनची संस्था सुरू झाली आणि लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये हा विषय उभा करणाऱ्या जिलियन क्रॅम्प्टन स्मिथ तिच्या संचालक झाल्या. एर्नांदो बारागान या तेथील विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधासाठी ‘वायरिंग’ ही प्रणाली तयार केली आणि त्याच वातावरणातून २००५ मध्ये ‘आर्डुइनो’ हा दिवे, बटणे अशी साधने चालवणारा छोटा इलेक्ट्रॉनिक सर्किट-बोर्ड बाहेर पडला, जो आज आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत सर्रास दिसतो. त्याचे नाव त्या गावातल्या एका बारवरून पडले. संस्था मात्र पाच-सहा वर्षांतच मिलानच्या डोमस अकादमीत विलीन झाली. कोपनहेगन येथे २००६ मध्ये सुरू झालेली सी.आय.आय.डी. ही शाळा त्याच परंपरेतली आहे. तिच्या संस्थापकांपैकी सिमोना मास्की यांनी पूर्वी इव्रेआत शिकवले होते.

यावरून अर्जदाराने दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. अशा शाळेत साधारण एक वर्षाचा, दिवसभर हाताने काम करायला लावणारा अभ्यासक्रम असतो. अभियंता, वास्तुविशारद, चित्रकार, मानसशास्त्राचा पदवीधर असे सगळे एका टेबलाभोवती बसतात आणि वाणिज्य शाखेची पदवी असणे हा तेथे दोष मानला जात नाही. दुसरी गोष्ट अशी की शाळेचे ठिकाण, शिक्षक आणि शुल्क वर्षागणिक बदलू शकतात, त्यामुळे चार वर्षांपूर्वी तेथे शिकलेल्या ओळखीच्या माणसाच्या माहितीवर विसंबून न राहता त्या वर्षीची माहिती शाळेकडून लेखी मागवावी.

त्याच पत्रात, शेवटी हाती पडणारा कागद पदवीचा असेल की प्रमाणपत्राचा, आणि पदवी असेल तर ती कोणत्या विद्यापीठाच्या नावाने मिळेल, हेही विचारावे. परदेशी पदवीची भारतातील समकक्षता पूर्वी भारतीय विद्यापीठ संघ ठरवत असे; २०२५च्या नियमांनी ते काम विद्यापीठ अनुदान आयोगाकडे दिले आहे. ज्यांना पुढे येथे प्राध्यापकी, संशोधन किंवा सरकारी नोकरी करायची आहे, त्यांना नुसत्या प्रमाणपत्रावर अडचण येऊ शकते. ज्यांना डिझाइनच्या व्यवसायात काम करायचे आहे, त्यांना सहसा येत नाही, कारण तेथे पोर्टफोलिओ पाहिला जातो. पैशाच्या बाबतीतही हाच फरक आडवा येतो. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीशी जोडलेली आहे, आणि जी शाळा विद्यापीठच नाही ती त्या क्रमवारीत सापडण्याची शक्यता कमी. बँकेच्या शैक्षणिक कर्जाला साडेसात लाखांच्या वर सामान्यतः तारण लागते आणि शाखा-व्यवस्थापक सर्वांत आधी संस्थेची मान्यताच विचारतो. म्हणून घरात चर्चा सुरू करण्यापूर्वी शाळेचे लेखी उत्तर हातात असावे.

ज्यांना मान्यतेचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो, त्यांनी देशातील पर्याय बाजूला सारू नयेत. मुंबईच्या आयआयटीमधील आयडीसी हा डिझाइन विभाग १९६९ पासून चालू आहे आणि तेथे इंटरॲक्शन डिझाइनमध्ये पदव्युत्तर पदवी मिळते. त्यासाठी जानेवारीत होणारी ‘सीड’ ही परीक्षा द्यावी लागते. एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची स्वतंत्र प्रवेशपरीक्षा आहे. पुढे वर्णन केलेले काम या दोन्ही ठिकाणी मुलाखतीत उपयोगी पडते, म्हणजे श्रम वाया जात नाहीत.

पाहायला शिकणे

सुरुवात लहान करावी. अमेरिकेतील लिन शोस्टॅक यांनी १९८४ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमधील लेखात सेवेचा आराखडा कसा काढावा हे दाखवताना बँक किंवा विमानतळ न घेता रस्त्याच्या कोपऱ्यावरचे बूटपॉलिश घेतले. ब्रश मारणे ३० सेकंद, पॉलिश लावणे ३० सेकंद, चकाकी आणणे ४५ सेकंद, पैसे घेणे १५ सेकंद, असे एकेक पाऊल त्यांनी मांडले. चुकीच्या रंगाचे पॉलिश लागले तर काय होते ते दाखवले. आणि एक आडवी रेघ ओढून तिच्या वर ग्राहकाला दिसणारी कामे आणि खाली न दिसणारी कामे, उदाहरणार्थ सामानाची खरेदी, वेगळी केली. सर्व्हिस डिझाइनमध्ये आज जो ‘ब्लूप्रिंट’ सर्वत्र शिकवला जातो त्याचे मूळ तेथे आहे.

नागपुरात हा सराव तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर करावा. सकाळी साडेसातला जाऊन दोन तास उभे राहावे आणि रेघेच्या वर काय घडते ते घड्याळ लावून लिहावे. ग्राहक येतो, गर्दीतून हात वर करून ‘दोन प्लेट, एकात तर्री जास्त’ असे सांगतो, ठेलेवाला पोहे काढतो, चण्याची तर्री ओततो, वरून कांदा आणि चिवडा टाकतो, लिंबाची फोड ठेवतो. रेघेच्या खाली काय आहे ते मात्र विचारल्याशिवाय कळत नाही. चणे रात्री किती वाजता भिजत घातले, पोह्यांचा दुसरा घाणा केव्हा टाकायचा याचा अंदाज तो कशावरून बांधतो, तर्री पोह्यांआधी संपली तर उरलेल्या पोह्यांचे काय होते. मग चुकीच्या जागा शोधाव्यात. एका विद्यार्थिनीने टिपलेली जागा मला फार आवडली. पैसे जमा झाल्याचे मोठ्याने सांगणारा डबा ठेल्यावर होता, पण तो फक्त रक्कम सांगतो, कोणी दिली ते सांगत नाही. प्लेटचा दर एकच असल्याने एका मिनिटात तीनदा तीच रक्कम ऐकू येई आणि ठेलेवाल्याला शेवटी ग्राहकाच्या चेहऱ्याकडे पाहूनच विश्वास ठेवावा लागे. हे घरी बसून सुचले नसते.

पाहण्याची दुसरी शिस्त प्रश्नांची आहे. चार्ल्स आणि रे ईम्स या दांपत्याने १९५८ मध्ये भारत सरकारला एक अहवाल दिला, ज्यातून पुढे १९६१ मध्ये अहमदाबादला एनआयडी उभी राहिली. त्यात त्यांनी आपल्या साध्या लोट्याविषयी प्रश्नांची एक मालिका लिहिली आहे. त्यात पाणी किती मावावे, तो डोक्यावर न्यायचा की कमरेवर, भरलेला आणि रिकामा असताना तोल कसा राहतो, ओतायला आणि घासायला सोपा आहे का, किंमत काय, असे विचारले आहे. स्वतः निवडलेल्या सेवेविषयी असे किमान तीस प्रश्न लिहून काढल्याशिवाय कोणालाही मुलाखतीसाठी भेटू नये, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो. त्यातले वीस निरुपयोगी निघतात, ते चालते.

मुख्य प्रकल्प

पोर्टफोलिओच्या मध्यभागी जो प्रकल्प असेल, त्याची सेवा निवडताना तीन कसोट्या लावाव्यात. तेथे पुन्हा पुन्हा जाता आले पाहिजे, तेथे किमान तीन प्रकारची माणसे एकमेकांवर अवलंबून असली पाहिजेत, आणि वर्षातला एखादा काळ असा असावा की ती सेवा ताणली जाते. अंबिया बहाराची संत्री येऊ लागल्यावरचा कळमन्याचा बाजार, अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर येणाऱ्या लाखो अनुयायांसाठी काही दिवसांपुरती उभी राहणारी पाण्याची, मुक्कामाची आणि हरवलेल्यांना शोधण्याची व्यवस्था, किंवा जून महिन्यातली दाखले काढण्याची धावपळ, यांपैकी काहीही घेता येईल. मी दाखल्यांचे उदाहरण पुढे नेतो, कारण प्रवेश घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येक घराला ते माहीत आहे.

उत्पन्नाचा, जातीचा, अधिवासाचा दाखला किंवा नॉन-क्रिमीलेयर काढायला माणूस सेवा केंद्रावर जातो. अर्ज तेथे संगणकावर भरला जातो, कागद जोडले जातात, तपासणी आणि सही महसूल कार्यालयात होते आणि दाखला पुन्हा केंद्रावर किंवा ‘आपले सरकार’ पोर्टलवर मिळतो. २०१५च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमानुसार अशा सेवांना मुदत ठरवून दिलेली आहे. म्हणजे नियम आहे, संगणक आहे, केंद्रही आहे. तरीही लोकांना दोन-तीन फेऱ्या का पडतात, हा प्रश्न सर्व्हिस डिझाइनचा आहे.

पहिल्या आठवड्यात काहीही सुचवू नये. केंद्रचालकाची परवानगी घेऊन एका कोपऱ्यात बसावे आणि वेगवेगळ्या वेळी जावे, कारण सकाळी अकराची रांग आणि दुपारी दोनची रांग सारखी नसते. नागपूरच्या उन्हात लोक दाराकडे तोंड करून उभे राहत नाहीत, सावलीकडे सरकतात; रांग वाकते, मागच्याला पुढचा दिसेनासा होतो आणि नंबरावरून वाद होतो. ही नोंद नकाशा काढून, वेळ लिहून ठेवावी. किती जण काम न होता परतले आणि कोणत्या कागदामुळे परतले, याची रोज खुणांनी मोजणी ठेवावी. लोक जे बोलतात ते त्यांच्याच शब्दांत उतरवावे. ‘तीन दिवसांपासून फिरून राहिलो जी’ हे वाक्य प्रमाण मराठीत सुधारून लिहिले की त्यातला थकवा नाहीसा होतो; इंग्रजी पोर्टफोलिओतही मूळ वाक्य देवनागरीत ठेवून शेजारी भाषांतर द्यावे. छायाचित्रांत चेहरे येऊ देऊ नयेत, आणि आधार क्रमांक असलेला कोणताही कागद तर चुकूनही टिपू नये. ही काळजी कशी घेतली ते अर्जात दोन ओळींत लिहिले तर वाचणाऱ्याच्या मनात अर्जदाराविषयी विश्वास निर्माण होतो.

समजा, सुरुवातीला आपले मत असे होते की कागदपत्रांची यादी सांगणारे ॲप केले की प्रश्न सुटेल. दुसऱ्या आठवड्यात दिसते की यादी पोर्टलवर आहे, केंद्राच्या भिंतीवरही चिकटवलेली आहे, पण लोक ती वाचत नाहीत. ते समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन ‘उत्पन्नाच्या दाखल्याला काय काय लागते’ असे विचारतात आणि झेरॉक्सवाला न पाहता सांगतो. या सेवेचा चौकशी-कक्ष रस्त्याच्या पलीकडे आहे आणि तो कोणाच्याही आराखड्यात नाही. येथे ॲपची कल्पना सोडून द्यावी लागते. सोडली, केव्हा सोडली आणि कोणत्या नोंदीमुळे सोडली, हे पोर्टफोलिओत ठळकपणे यावे. बहुतेक विद्यार्थी हा भाग लाजून गाळतात, आणि माझ्या मते तोच सर्वांत मोलाचा असतो.

कच्चा नमुना

मत बदलल्यावर नमुना करावा आणि तो इतका स्वस्त असावा की फाडून टाकताना वाईट वाटू नये. वरच्या उदाहरणात तो एक हातभर लांबीचा कागद असू शकतो: झेरॉक्सच्या गिऱ्हाइकाला प्रतींबरोबर मिळणारा, प्रत्येक कागदापुढे खूण करण्याची जागा असलेला, मराठी आणि हिंदीत लिहिलेला. पन्नास प्रती काढून एक दिवस वाटाव्यात, संध्याकाळी केंद्रावर जाऊन त्या कागदासह आलेल्यांपैकी किती परतले ते मोजावे, आणि दुसऱ्या दिवशी शब्द बदलून पुन्हा वाटावेत. ‘रहिवासी पुरावा’ या शब्दांपेक्षा ‘लाइट बिल किंवा घरटॅक्स पावती’ हे शब्द लवकर कळतात की नाही, हे अशाच चाचणीत समजते.

यंत्र लागणारच असेल तर ते आधी माणसाकडून वठवून घ्यावे. ‘तुमचा नंबर जवळ आला’ असा निरोप मोबाइलवर देणारी व्यवस्था उभारण्यापूर्वी एका मित्राला आत बसवून तेच निरोप हाताने पाठवायला सांगावेत. लोक सावली सोडून वेळेवर येतात का, एवढेच आधी पाहायचे असते. त्यानंतर आर्डुइनो, एक दिवा आणि एक बटण घेऊन खिडकीवरचा नमुना करावा. येथे रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधील ड्युरेल बिशप यांचे १९९२ मधील काम पाहण्यासारखे आहे. त्यांच्या उत्तर-यंत्रात, म्हणजे फोन न उचलल्यास निरोप नोंदवून ठेवणाऱ्या यंत्रात, आलेला प्रत्येक निरोप एका गोटीच्या रूपात बाहेर पडत असे. गोटी खाचेत ठेवली की निरोप ऐकू येई. केंद्रावरच्या पितळी टोकनकडे किंवा रिक्षात ठेवलेल्या चिल्लरच्या डब्याकडे या नजरेने पाहिले, तर पडद्याशिवायही पुष्कळ काही करता येते हे लक्षात येते.

अर्ज आणि मुलाखत

पोर्टफोलिओत तीनपेक्षा अधिक प्रकल्प नकोत, आणि मुख्य प्रकल्पाला निम्म्याहून अधिक पाने द्यावीत. गटाने केलेल्या कामात स्वतः काय केले ते एका वाक्यात स्पष्ट सांगावे. चकचकीत चित्रांपेक्षा वहीच्या पानांची छायाचित्रे, रांगेचा वाकलेला नकाशा, खुणांची मोजणी आणि नमुन्याच्या पहिल्या तीन फाटक्या आवृत्त्या अधिक बोलतात. शाळेने चित्रफीत मागितली असेल तर ती दोन मिनिटांत संपवावी आणि तिला पार्श्वसंगीत लावू नये. लोकांचे आवाज ऐकू यावेत. शिफारसपत्र मोठ्या पदावरच्या माणसाकडून घेण्यापेक्षा ज्याने काम होताना पाहिले त्याच्याकडून घ्यावे.

हेतुपत्रात ‘लहानपणापासून मला डिझाइनची आवड आहे’ असे लिहिण्याचा मोह टाळावा. त्याऐवजी एक प्रश्न लिहावा, जो नागपुरात पडला, येथे अर्धा सुटला आणि उरलेला अर्धा सोडवण्यासाठी या शाळेतील अमुक विषय हवा आहे.

मुलाखत बहुधा व्हिडिओवर होते. हिवाळ्यात डेन्मार्क किंवा इटलीचे घड्याळ आपल्या साडेचार तास मागे असते आणि उन्हाळ्यात साडेतीन, त्यामुळे मार्चच्या अखेरीस घड्याळे बदलतात त्या आठवड्यात वेळ दोनदा तपासावी. ‘पुन्हा केले तर काय वेगळे कराल’ हा प्रश्न ठरलेला आहे असे समजून तयारी करावी; ‘अधिक वेळ दिला असता’ हे उत्तर पुरेसे नाही. कोणत्या माणसाशी बोलायचे राहून गेले ते सांगता आले पाहिजे. दाखल्यांच्या उदाहरणात तो माणूस बहुधा तपासणी करणारा कारकून असतो, कारण त्याला भेटणे सर्वांत अवघड असते आणि बहुतेक जण ते टाळतात.

वेळापत्रक उलटे मांडावे. अर्जाची अखेरची तारीख जानेवारी-फेब्रुवारीत असेल तर लिखाणाला डिसेंबर, नमुन्यांना ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि पाहण्याला जून-जुलै लागतात. दाखल्यांची गर्दी नेमकी तेव्हाच असते, म्हणून हा विषय निवडणाऱ्याने मे महिन्यातच केंद्रचालकाला भेटून ठेवावे. अर्ज पाठवून झाल्यावर रांगेचा नकाशा, मोजणीचा तक्ता आणि खुणांच्या कागदाची शेवटची आवृत्ती यांची मराठी प्रत केंद्रचालकाला आणि झेरॉक्सवाल्याला नेऊन द्यावी. पुढच्या जूनमध्ये झेरॉक्सवाला त्या कागदाच्या प्रती स्वतःहून काढत असेल, तर शाळेला कळवण्यासारखी ती आणखी एक नोंद होईल.